उद्यानाच्या बदल्यात दुसरी जागा: फेरबदलाची नोटीस कशी वाचावी

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी, बारीक टायपात एक जाहीर सूचना येते. अमुक सर्व्हे नंबरमधलं 'उद्यान' आरक्षण वगळून ते क्षेत्र रहिवास विभागात समाविष्ट करणे आणि त्याऐवजी तमुक सर्व्हे नंबरमध्ये तेवढ्याच क्षेत्राचं उद्यानाचं आरक्षण दर्शवणे, असा त्यातला प्रस्ताव असतो. खाली कलम ३७ चा उल्लेख आणि हरकती-सूचनांसाठी एक महिना. 'तेवढ्याच क्षेत्राचं' हे शब्द वाचून बरेचजण पान उलटतात. बाग गेली, बाग मिळाली, हिशेब बरोबर.

हिशेब बहुतेक वेळा बरोबर नसतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ (सगळे याला एमआरटीपी म्हणतात) यातलं कलम ३७ विकास योजनेत (शहरातली कुठली जमीन कशासाठी, हे ठरवणाऱ्या आराखड्यात) फेरबदल कसा करायचा ते सांगतं. पर्यायी जागा कशी असावी, किती जवळ असावी, किती मोलाची असावी, कधी ताब्यात यावी, यावर त्यात एक ओळही नाही. त्यामुळे ही कसोटी हरकतदारालाच कागदावर आणावी लागते. ती त्या एका महिन्यात आणली नाही, तर पुढे न्यायालयात 'तुम्ही तेव्हा हे सांगितलं नव्हतं' हे पहिलं उत्तर मिळतं.

सर्वात आधी ठरवायचं की जाणारी जागा नक्की कोणत्या प्रकारची आहे. लोक सगळ्याला 'पार्कची जागा' म्हणतात, पण कायद्याच्या नजरेत यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघींचे रस्ते वेगळे आहेत.

पहिली, विकास योजनेत उद्यान किंवा क्रीडांगण म्हणून आरक्षित असलेली, पण अजून खाजगी मालकीची जमीन. कलम २२ नुसार योजनेत मोकळ्या जागा, क्रीडांगणं, हरित पट्टे दाखवता येतात, पण दाखवलं म्हणजे जमीन पालिकेची झाली असं नाही. ती कलम १२६ खाली मिळवावी लागते: वाटाघाटीने, टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (जादा बांधकामाची मुभा) देऊन, नाहीतर भूसंपादनाने. योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत संपादन झालं नाही तर मालक कलम १२७ ची खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतरच्या २४ महिन्यांत (ही मुदत पूर्वी ६ महिने, मग १२ महिने होती, २०१५ च्या दुरुस्तीने २४ झाली) पालिका हलली नाही, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं.

दुसरी, पालिकेच्या नावावर आलेली आणि उद्यान म्हणून वापरात असलेली जमीन. इथे आरक्षणाचा प्रश्न आहेच, शिवाय मालमत्तेच्या विल्हेवाटीचाही आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे पालिकेची स्थावर मालमत्ता विकताना, भाडेपट्ट्याने देताना किंवा अन्यथा हस्तांतरित करताना चालू बाजारभावापेक्षा कमी मोबदला घेता येत नाही. अदलाबदल हेही हस्तांतरणच आहे. म्हणजे नुसता फेरबदल मंजूर होऊन भागत नाही. सर्वसाधारण सभेचा ठराव, मूल्यांकन आणि नोंदणीकृत अदलाबदलपत्र, हे सगळं लागतं.

तिसरी, मंजूर रेखांकनातली (जमिनीचे भूखंड, रस्ते कसे पाडायचे त्या नकाशातली) खुली जागा. एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात १०% मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते. हिचे खरे हक्कदार त्या रेखांकनातले भूखंडधारक आणि सदनिकाधारक. इथे अदलाबदल 'सुधारित रेखांकन' या नावाने येते, राजपत्रात नोटीस लागतेच असं नाही, आणि रहिवाशांना कुंपण हललेलं दिसतं तेव्हा कळतं. प्रकल्प रेराखाली, म्हणजे २०१६ च्या गृहप्रकल्प नियमन कायद्याखाली, नोंदलेला असेल तर त्याचं कलम १४ कामाला येतं: मंजूर रेखांकन आणि सामाईक जागांत बदल करायला विकासक सोडून उरलेल्या खरेदीदारांपैकी किमान दोन तृतीयांश जणांची आगाऊ लेखी संमती हवी. करारनामा करताना सही घेतलेली 'कोणत्याही बदलास माझी संमती आहे' ही सरसकट ओळ म्हणजे ही संमती, असं विकासक सांगतात. ते तसंच मान्य करू नका. विशिष्ट नकाशा दाखवून, विशिष्ट बदलासाठी घेतलेली संमती कुठे आहे ते विचारा.

सर्वात मोठी फसगत पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारांच्या सरमिसळीत होते. पालिकेच्या ताब्यातली, झाडं लावलेली, बाकं असलेली जागा द्यायची आणि बदल्यात खाजगी जमिनीवर नुसतं आरक्षण घ्यायचं. नकाशावर हिरवा रंग दोन्हीकडे सारखाच दिसतो. प्रत्यक्षात एका बाजूला जमीन जाते आणि दुसऱ्या बाजूला १० वर्षांचं घड्याळ सुरू होतं. दहा वर्षांनी नव्या जागेचा मालक कलम १२७ ची सूचना देतो, पालिकेकडे भूसंपादनाला पैसे नसतात, आरक्षण व्यपगत होतं. शहराची एक बाग कमी झालेली असते आणि तसा निर्णय कोणी, कुठल्याही सभेत घेतलेला नसतो. म्हणून प्रस्तावात 'पर्यायी जागेचा ताबा' हे शब्द आहेत का, ते आधी शोधावं.

कलम ३७ ची चाल

नियोजन प्राधिकरण स्वतःहून किंवा शासनाच्या निर्देशावरून फेरबदलाची सूचना राजपत्रात आणि अन्य रीतीने प्रसिद्ध करतं. त्या सूचनेपासून एक महिन्याच्या आत हरकती द्यायच्या. बाधित व्यक्तींना स्वतंत्र नोटीस देऊन त्यांची सुनावणी घ्यायची. मग राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून एका वर्षाच्या आत प्रस्ताव शासनाकडे पाठवायचा. तो पाठवला नाही तर प्रस्ताव व्यपगत होतो, मात्र प्राधिकरणाला नव्याने सुरुवात करता येते. शासन नगर रचना संचालकांचा सल्ला घेऊन मंजुरी देतं, बदल करून देतं किंवा नाकारतं.

दुसरी वाट ३७(१कक) ची. सार्वजनिक हितासाठी फेरबदल तातडीने हवा असं शासनाचं मत झालं तर शासन स्वतःच सूचना काढतं. अशा वेळी हरकती स्वीकारणारा अधिकारी सहसा विभागीय सहसंचालक, नगर रचना हा असतो आणि त्याचं नाव-पत्ता सूचनेतच असतो. लोक सवयीने आयुक्तांना अर्ज देतात. तो अर्ज टपालातून योग्य टेबलावर पोहोचेपर्यंत महिना उलटतो. सूचना नीट वाचून, तिच्यात लिहिलेल्या अधिकाऱ्यालाच अर्ज द्यावा. हवी तर प्रत आयुक्तांना.

मुदत मोजताना राजपत्राची तारीख आणि वर्तमानपत्राची तारीख वेगळी असू शकते. जी आधीची असेल तिथून मोजणं सुरक्षित. राजपत्र शासनाच्या ई-राजपत्र संकेतस्थळावर सापडतं; विभागीय पुरवणीचा भाग एक आणि असाधारण अंक, दोन्ही चाळावे लागतात. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये. नुसती ई-मेल केली असेल तर पोच येईपर्यंत पाठपुरावा करावा.

कलम ३७ मध्ये एक मर्यादा आहे: फेरबदलामुळे विकास योजनेचं स्वरूप बदलता कामा नये. बऱ्याच हरकती याच एका मुद्द्यावर उभ्या असतात. माझ्या मते तो एकटा पुरत नाही. अंधेरीतल्या बस डेपोच्या भूखंडाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये दिलेल्या निकालापासून न्यायालयं स्वरूप म्हणजे संपूर्ण योजनेचं स्वरूप असं धरत आली आहेत. एका भूखंडाचा वापर बदलल्याने शहराच्या योजनेचं स्वरूप बदललं हे पटवणं अवघड जातं. तो मुद्दा जरूर घ्या, पण त्या प्रभागात आता मोकळी जागा किती उरते, त्याच योजनेत याआधी किती उद्यानं अशीच हलली, हे आकडे जोडून घ्या. एकेक फेरबदल किरकोळ दिसतो. दहा फेरबदलांची बेरीज दिसली की चर्चा बदलते. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगर नियोजन मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. आपल्या प्रभागाचा आकडा त्याशेजारी ठेवावा.

पुण्याच्या निकालातले चार निकष

आरक्षण हलवण्याबद्दल महाराष्ट्रातला सर्वात उपयोगी निकाल म्हणजे मनोहर जोशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. पुण्यात प्रभात रस्त्यावरचा एक भूखंड प्राथमिक शाळेसाठी आरक्षित होता. ते आरक्षण दूरच्या पर्यायी जागेवर हलवून मूळ भूखंडावर निवासी इमारत उभी राहिली. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती परवानगी रद्द केली आणि डिसेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. आरक्षण शाळेचं होतं, पण तर्क उद्यानाला जसाच्या तसा लागू होतो.

त्या वेळच्या पुण्याच्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम १३.५ या प्रकरणाच्या केंद्रस्थानी होता. अभिन्यास (म्हणजे रेखांकन) करताना आरक्षणाची जागा क्षेत्र न बदलता थोडी सरकवण्याची मुभा त्याने दिली होती, पण अटींसह: आरक्षणाचे तुकडे करायचे नाहीत; मूळ जागेपासून २०० मीटरच्या पलीकडे न्यायचं नाही; त्याच मालकाच्या धारण क्षेत्राबाहेर न्यायचं नाही; आणि पर्यायी जागा रस्ता, पातळी वगैरे बाबतींत निदान मूळ जागेसारखी असली पाहिजे. नियमाचा हेतूच अभिन्यासाच्या सोयीसाठी केलेली किरकोळ हालचाल हा होता. त्याचा आधार घेऊन आरक्षण शहराच्या दुसऱ्या टोकाला नेता येत नाही.

आज नियमावल्या बदलल्या आहेत. मुंबईत २०३४ ची विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली चालते, उरलेल्या बहुतेक राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रित नियमावली. तुमच्या शहराला आज जो नियम लागू आहे त्याचा मजकूर मिळवून तोच हरकतीत उद्धृत करा. पण 'तुकडे नाहीत, जवळच, तेवढंच क्षेत्र, तसाच रस्ता आणि तशीच पातळी' ही चौकट तर्क म्हणून कुठेही मांडता येते, कारण सर्वोच्च न्यायालयात ती तपासली गेली आहे.

क्षेत्र सारखं, जागा वेगळी

४,००० चौरस मीटर म्हणजे ८० बाय ५० मीटरचा आयत. त्यात लहान मुलांचं फुटबॉल, क्रिकेट, कडेने चालायची वाट, सगळं बसतं. ४,००० चौरस मीटर म्हणजे नाल्याकाठची २०० बाय २० मीटरची पट्टीसुद्धा. तिच्यात चालण्याचा मार्ग होईल, १३ बाय १० मीटरची कबड्डीची मैदानं बसतील, पण चेंडू मारायला जागा नाही. प्रत्येक फटका कुंपणापलीकडे. म्हणून हरकतीत क्षेत्रासोबत सर्वात अरुंद ठिकाणची रुंदी लिहा. ही एक संख्या पुष्कळ काही उघड करते.

मोजणी मागा. प्रस्तावातलं क्षेत्र सातबारावरून उचललेलं असतं. भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणी नकाशात प्रत्यक्ष क्षेत्र कमी निघू शकतं. त्यातून रस्तारुंदी, नाल्याचं अंतर, उच्चदाब वाहिनीखालचा पट्टा वजा केला की वापरण्याजोगं क्षेत्र उरतं. मूळ जागेचं वापरण्याजोगं क्षेत्र विरुद्ध पर्यायी जागेचं वापरण्याजोगं क्षेत्र, अशीच तुलना करावी.

मग पूररेषा आणि उतार. ही युक्ती इतक्या वेळा वापरली जाते की ती वेगळी सांगायलाच हवी. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीखाली, बांधकामाला मनाई असते. उद्यान, क्रीडांगण असे मोकळे वापर चालतात. १:५ पेक्षा तीव्र डोंगरउतारावरही बांधकाम होत नाही. अशी जमीन मालकासाठी जवळपास बिनकामाची. ती उद्यानासाठी 'देऊन' बदल्यात सपाट, रस्त्यालगतची, बांधकामयोग्य जागा मोकळी करून घेणं हा त्याच्यासाठी फार मोठा फायदा. आणि शहराला काय मिळालं? जी जागा कायद्याने मोकळी राहणारच होती तीच. पाटबंधारे विभागाचा पूररेषा नकाशा आणि विकास योजनेचा भाग नकाशा एकमेकांवर ठेवून पाहा. पर्यायी जागा निळ्या रेषेत असेल तर हरकतीतला पहिला मुद्दा तोच करा.

याचाच भाऊ म्हणजे दुहेरी मोजणी. पर्यायी म्हणून दाखवलेली जमीन आधीच हरित पट्टा, उद्यान, खुली जागा किंवा रेखांकनाची १०% जागा म्हणून नोंदलेली असते. एकच हिरवी जागा दोन खात्यांत जमा. पर्यायी सर्व्हे नंबरचा विकास योजना अभिप्राय (त्या जमिनीवर योजनेत काय दाखवलंय ते सांगणारा दाखला) आणि त्यावरची जुनी मंजूर रेखांकनं काढली की हे लगेच सापडतं.

मोल काढायला रेडी रेकनर (शासनाचा जमिनीच्या दरांचा तक्ता) पुरतो. समजा, मूळ जागेच्या विभागाचा दर चौरस मीटरला ६०,००० रुपये आणि पर्यायी जागेच्या विभागाचा १८,००० रुपये आहे. ४,००० चौरस मीटरला एका बाजूला २४ कोटी, दुसऱ्या बाजूला ७.२ कोटी. १६.८ कोटींचा फरक कोणाच्या खिशात जातो हा प्रश्न हरकतीत थेट विचारावा. पालिकेच्या मालकीच्या जमिनीबाबत तर कलम ७९ मुळे त्याचं उत्तर द्यावंच लागतं. दर तक्त्याचं वर्ष, विभाग क्रमांक आणि पानाची छापील प्रत जोडा.

शेवटी मालकी. पर्यायी जागेचा सातबारा, फेरफार नोंदी, इतर हक्काचा रकाना, शहर हद्दीत असेल तर मालमत्ता पत्रक. बोजा, कुळाची नोंद, वारसांचा वाद, प्रलंबित दावा, वर्ग दोनचा शेरा (म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय हस्तांतरित न होणारी जमीन) यांपैकी काहीही असेल तर ताबा वर्षानुवर्षं अडकतो. मूळ जागेवर मात्र तोवर तळमजल्याचं काँक्रीट झालेलं असतं.

अमेरिकेत हेच कसं लिहिलं आहे

समतुल्यतेची कसोटी कायद्यातच लिहिता येते. अमेरिकेच्या १९६४ च्या 'लँड अँड वॉटर कन्झर्व्हेशन फंड' कायद्याचं कलम ६(एफ)(३) म्हणतं की या निधीतून घेतलेली किंवा विकसित केलेली जागा संघीय मंजुरीशिवाय सार्वजनिक मैदानी मनोरंजनाव्यतिरिक्त कशासाठीही वापरता येणार नाही. मंजुरी मिळायची तर पर्यायी जागा निदान तेवढ्याच बाजारमूल्याची, आणि उपयोग व ठिकाण या दोन्ही बाबतींत वाजवीपणे समतुल्य असायला हवी. नियमांत आणखी दोन अटी आहेत: जागा न घेता काम करण्याचे सगळे व्यवहार्य पर्याय आधी तपासले पाहिजेत, आणि जी आधीच सार्वजनिक मनोरंजनाची आहे ती जागा सहसा बदली म्हणून धरली जात नाही. वर सांगितलेली दुहेरी मोजणी तिथे नियमानेच अडवली आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १९७२ पासून राज्यघटनेच्या अनुच्छेद ९७ खाली अशा जमिनीचा वापर बदलायला विधिमंडळाचं दोन तृतीयांश मत लागतं, आणि २०२२ च्या कायद्याने पर्यायांचं विश्लेषण व समतुल्य पर्यायी जमीन या अटी त्यात जोडल्या.

पण कायदा चांगला असूनही क्रम चुकला तर काय होतं, ते न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये दिसलं. नव्या यांकी स्टेडियमसाठी मॅकोम्ब्स डॅम पार्क आणि शेजारच्या मुलाली पार्कचा भाग द्यायला २००५ मध्ये राज्य विधिमंडळाने मंजुरी दिली. २००६ मध्ये बाग बंद झाली. स्टेडियम एप्रिल २००९ मध्ये उघडलं. बदली मैदानांपैकी मुख्य मैदानं जुन्या स्टेडियमच्या जागेवर व्हायची होती, म्हणजे जुनं पाडल्याशिवाय ती होणारच नव्हती. ती २०१२ मध्ये खुली झाली. काही सोयी पार्किंग इमारतीच्या छतावर आणि काही महामार्गापलीकडे नदीकाठी गेल्या. बदली उद्यानांचा अंदाजित खर्च ९.५५ कोटी डॉलरवरून दुपटीच्या वर गेला. दहा वर्षांच्या मुलाने २००६ मध्ये मैदान गमावलं आणि ते परत मिळालं तेव्हा तो सोळा वर्षांचा होता.

म्हणून माझ्या मते कोणत्याही हरकतीतली सर्वात महत्त्वाची मागणी क्रमाची आहे. पर्यायी जागा आधी पालिकेच्या नावावर, आधी कुंपण घातलेली, आधी वापरायला खुली. मूळ आरक्षण वगळण्याची अधिसूचना त्यानंतर. प्रस्ताव नाकारला जाणार नाही असं दिसत असेल तरी ही अट मागायची. शासन अटींसह मंजुरी देऊ शकतं आणि देतंही.

न्यायालयांनी काय म्हटलंय

हरकतीला निकालांचं लांबलचक शेपूट जोडू नये, सर्वोच्च न्यायालयाचे तीन पुरतात. बंगळूर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा (१९९१): उद्यानासाठी राखलेला भूखंड खाजगी रुग्णालयाला दिला होता, तो निर्णय रद्द झाला, आणि परिसरातल्या रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे हेही ठरलं. एम. आय. बिल्डर्स विरुद्ध राधेश्याम साहू (१९९९): लखनौच्या झंडेवाला पार्कखाली बाजारसंकुल बांधलं होतं, ते पाडून बाग पूर्ववत करण्याचा आदेश झाला. आणि जितेंद्र सिंह (नोव्हेंबर २०१९): ग्रेटर नोएडाजवळच्या गावातली तळी उद्योगाला देऊन दुसरीकडे नवी तळी बांधून देण्याची योजना न्यायालयाने फेटाळली. दुसरीकडे नवं केलं तरी मूळ ठिकाणचं नुकसान भरून निघेल याची खात्री नाही, आणि गावकऱ्यांना दूर जावं लागेल, हा त्यातला तर्क. निकाल तळ्यांचा आहे, पण अदलाबदलीच्या कल्पनेवरच बोट ठेवणारा आहे, म्हणून तो मला सर्वात जवळचा वाटतो.

उलट बाजूचाही निकाल माहीत असावा. मुंबईत मोकळ्या जागेच्या आरक्षणावर झोपडपट्टी असेल तर ६५% जागेवर पुनर्वसन आणि किमान ३५% मोकळी, अशी तरतूद आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये ती वैध ठरवली, ३५% प्रत्यक्षात मोकळी राहील यासाठी निर्देश देऊन. घरांचा प्रश्न समोर असेल तेव्हा 'एक इंचही नको' ही भूमिका न्यायालयात टिकेलच असं नाही.

हरकतीचा अर्ज

दोन पानं पुरतात. वर सूचनेचा क्रमांक व दिनांक, आरक्षण क्रमांक, दोन्ही सर्व्हे नंबर. मग थेट तथ्यं: पायी अंतर (नकाशावरचं सरळ रेषेतलं नको, प्रत्यक्ष रस्त्याने, आणि किती मोठे रस्ते ओलांडावे लागतात ते), किमान रुंदी, पूररेषा, दर, मालकीतल्या त्रुटी. प्रत्येक तथ्याला एक कागद. मग मागण्या, क्रमांक घालून: प्रस्ताव रद्द करावा, तसं न केल्यास पुढील अटी घालाव्यात. शेवटी प्रत्यक्ष सुनावणीची स्पष्ट विनंती. कलमात सुनावणीचा उल्लेख बाधित व्यक्तींच्या संदर्भात आहे, म्हणून 'मी या उद्यानापासून इतक्या अंतरावर राहतो, रोज वापरतो, त्यामुळे बाधित आहे' हे वाक्य अर्जात हवंच.

एकाच मजकुराच्या हजार सह्यांना कार्यालयात एकच हरकत म्हणून गठ्ठा बांधला जातो. त्यापेक्षा शाळेने आपल्या मैदानाबद्दल, ज्येष्ठांच्या मंडळाने अंतराबद्दल, सोसायटीने पूररेषेबद्दल वेगवेगळे अर्ज दिले तर अहवालात प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहावं लागतं.

झाडं तोडावी लागणार असतील तर ती वेगळी लढाई आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाली वृक्ष प्राधिकरणाची स्वतंत्र परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं. फेरबदल मंजूर झाला म्हणजे झाडं तोडायला परवानगी मिळाली असं होत नाही. तिथेही नोटीस लागते आणि तिथेही हरकत देता येते.

मंजुरीची अधिसूचना निघाल्यावर ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी, कारण अटी तिथे असतात. त्यानंतर दर सहा महिन्यांनी पर्यायी जागेचा ऑनलाइन सातबारा उघडून कब्जेदाराच्या रकान्यात पालिकेचं नाव आलं का ते पाहावं. नाव येत नसेल आणि मूळ जागेवर बांधकाम परवानगीचा प्रस्ताव दाखल झाला असेल, तर अट क्रमांक उद्धृत करून ती परवानगी थांबवण्याचा लेखी अर्ज नगर रचना विभागाला आणि इमारत परवानगी विभागाला, दोघांनाही, एकाच दिवशी द्यावा.